मागच्या सीटचा गारवा

माझ्या आईला सबब आणि अडचण यांतला फरक कळत नाही. कुणी काही कारण सांगितलं की ती ते खरं धरते आणि कामाला लागते. आमच्या समोरच्या बाई एकदा नुसत्या म्हणाल्या, "यायचं असतं हो, पण तुमच्या पायऱ्या चढवत नाहीत." महिन्याभरात पायऱ्यांना कठडा बसला. बाई काही आल्या नाहीत. आईने मग कठड्याला रंग दिला. न जाणो, त्यांना गंज आवडत नसेल.

या स्वभावाला पुरून उरला तो फक्त माझा धाकटा भाऊ. घरात त्याला सगळे सोन्या म्हणतात. आता कानशिलं पांढरी झाली तरी सोन्याच. तो लांबच्या एका थंड देशात नोकरी करतो. बाबा गेले तेव्हा आला होता, त्यानंतर नाही. दर उन्हाळ्यात त्याला सुट्टी असते, दर उन्हाळ्यात आई विचारते आणि दर उन्हाळ्यात तो काहीतरी सांगतो. घरच्या गाद्यांनी पाठ धरते म्हणाला, नवी गादी आली. डास म्हणाला, सगळ्या खिडक्यांना जाळ्या लागल्या. खोलीत उकडतं म्हणाला, खोलीला एसी बसला. तो एसी लावायची मला मनाई आहे. "उगाच कशाला खराब करतेस?" आई म्हणते. मी शेजारच्या खोलीत पंख्याखाली झोपते आणि मनातल्या मनात भावाला शिव्या देते.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं धरून "आता कसं दिसतंय?" विचारते. आईला लांबचं चांगलं दिसतं. जवळचा चष्मा मी स्वतः तिला करून दिलाय, तो ती लावत नाही.

तर गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता सोन्याचा फोन आला. येत्या उन्हाळ्यात त्याला कामासाठी पलीकडच्या एका देशात जायचं होतं आणि विमान आमच्याच शहरात बदलायचं होतं. दोन विमानांच्या मध्ये अर्धा दिवस मोकळा.

"मग घरी ये ना," आई म्हणाली. तिचा आवाज एवढा हळू झाला की मी हातातलं काम सोडून पाहिलं.

"बघतो." मग म्हणाला, "आई, भर उन्हाळ्यात टॅक्सी करून पाहुण्यासारखा घरी येऊ का? बाबांची गाडी असती तर गोष्ट वेगळी होती. पण ती तर भट्टी. शिजून मरेन मी."

मला ऐकताक्षणी कळलं, स्वारी निसटली. बाबांची गाडी गेली कित्येक वर्षं मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती, हे त्याला माहीत होतं. त्याने मुद्दामच अशी अट घातली होती, जी पुरी होणं शक्य नाही. मी आईकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर तो उजेड होता, जो कठड्याच्या वेळी होता.

"गाडी गार हवी, एवढंच ना?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ती शेडमध्ये ताडपत्री ओढत होती.

गाडी एके काळी फिकट निळी होती. गोल पाठीची, गोल दिव्यांची, पुढे चकचकीत दांड्यांची जाळी. बाबांनी ती जुनीच घेतली होती आणि नव्यासारखी वापरली होती. आता चारही टायर जमिनीला टेकले होते. मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार मांडून मोडला होता. आईने बोलावलं म्हणून मिस्त्री आले. बाबांच्या वेळेपासून गाडी तेच बघायचे. त्यांनी भोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडलं, बंद केलं आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले.

"वहिनी, हिला आता सुखाने जाऊ द्या."

"सोन्या येणार आहे."

"तो हिच्यात बसणार?"

"बसेन म्हणालाय. गार असली तर."

मिस्त्री हसायला लागले. मग त्यांनी आईचा चेहरा पाहिला आणि हसणं गिळून टाकलं. जाताना फाटकाशी मला म्हणाले, "ताई, तुम्ही तरी समजवा." मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं, मी कालपासून काय करतेय?"

मी खरंच सगळं बोलून पाहिलं होतं. एसीची टॅक्सी फोनवर बोलावली की दारात येते, हेही सांगितलं. आई म्हणाली, "टॅक्सीतून माणूस भेटायला येतो. आपल्या गाडीतून घरी येतो." मी चहा ठेवला.

गाडी ट्रकवर चढवून गॅरेजात नेली. इंजिन साखळीला लटकलं, तेव्हा खालची रिकामी जागा बघून मला उगाचच भरून आलं. तळ तर असा सडला होता की ड्रायव्हरच्या पायाशी भोकातून जमीन दिसायची. मिस्त्रींनी सडलेला पत्रा कापून नवा जोडला, गंज खरवडून लाल प्रायमर मारला. इंजिनाला नव्या रिंगा, नवे बेअरिंग. रेडिएटरची आतली जाळी नवी, आधीपेक्षा जाड. आई रोज दुपारी छत्री घेऊन गॅरेजात जायची आणि एका स्टुलावर बसायची. कारागीर आधी बिचकायचे, मग तिच्याकडे पाना मागायला लागले. ती बरोबर पाना द्यायची.

मीही दुकान सुटलं की जायला लागले. आईला आणायला जाते, असं सांगत होते. खरं कारण वेगळं होतं. शेडमध्ये उभ्या असलेल्या याच गाडीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत, मी आणि सोन्या दुपारभर खेळायचो. मी ड्रायव्हर, तो मागे साहेब. माझे पाय पेडलला पोचायचे नाहीत. "ड्रायव्हर, समुद्र आला का?" तो विचारायचा. "ट्रॅफिक आहे साहेब." दोघं घामाने निथळायचो आणि आई ओरडेपर्यंत बाहेर यायचो नाही. तेव्हा त्याला कधी उकडलं नव्हतं. मला तो हवा होता. आईइतकाच मलाही हवा होता. पण आमच्या घरात वाट बघायची जागा आईने आधीच अडवून ठेवलेली, मी आपली रागावण्यावर भागवते.

एसी बसवायला मिस्त्रींनी जो माणूस आणला त्याला सगळे गारेगार म्हणायचे. काटकुळा, बोलका, खिशात चार पेनं. त्याने गाडीत डोकं घालून वास घेतल्यासारखं केलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "काकू, गाडी गार करणं सोपं आहे. गार ठेवणं अवघड. ही गाडी नाही, चाळण आहे."

मग त्याने छताचं अस्तर काढायला लावलं. वर, दारांत, पायाखाली चांदीसारखे कागद लावलेले जाड थर चिकटवले. दारांना, काचांना नवे रबर. हवा कुठून निसटते ते बघायची त्याची एक रीत होती. गॅरेजचं शटर ओढून अंधार करायचा, एकाने मोठी बॅटरी पेटवून गाडीत बसायचं आणि बाहेरच्यांनी जिथून उजेड फटीतून येईल तिथे खडूने खूण करायची. आत कोण बसणार म्हणताच आई पुढे.

अंधारात ती गाडी दाराच्या कडांतून, काचेच्या कोपऱ्यांतून पिवळी गळत होती. आम्ही खडू घेऊन भोवती फिरत होतो. मागच्या काचेतून आई दिसत होती. बॅटरी मांडीवर धरून ती मागच्या सीटच्या एका टोकाला बसली होती. अख्खी सीट रिकामी होती, तरी अंग चोरून, शेजारी कुणी बसलंय अशी. मी तिथली खूण करायची विसरले. गारेगार ओरडला, "ताई, तुमच्या बाजूने धबधबा वाहतोय!"

भांडण झालं ते थंड हवेची पेटी कुठे बसवायची यावरून. गारेगारचं म्हणणं, पुढे, डॅशबोर्डमध्ये. तिथून अख्ख्या गाडीला पुरेल. पण पुढे बाबांनी हाताने पॉलिश केलेली लाकडी पट्टी होती आणि मिस्त्री तिला आरी लावायला तयार नव्हते. "कापायचं असेल तर दुसरा माणूस बघा."

"मग डिकीत बसवतो," गारेगार म्हणाला. "मागच्या काचेखालून हवा सोडू. पण आधीच सांगतो, मागे गार होईल. पुढे पोचेपर्यंत हवेत काही राहायचं नाही."

"चालेल," आई लगेच म्हणाली. "सोन्या मागेच बसेल. माझ्याजवळ."

"आणि पुढे कोण बसणार?" मी विचारलं.

"पुढे तू. चालवायला."

"मग मी उन्हात?"

"तुला सवय आहे गं."

गारेगार खाली बघून नट पुसायला लागला. मी घरी आल्यावर भांडी जरा जोरात घासली. आईने विचारलं, "काही बोललीस का?" मी म्हटलं, "नाही, सवय आहे."

पुढचं काम भराभर झालं. जुना डायनॅमो एवढा भार ओढणार नाही म्हणून अल्टरनेटर आला. इंजिनाला लोखंडी पट्टी जोडून त्यावर कॉम्प्रेसर बसला. रेडिएटरच्या पुढे दुसरी जाळी बसली, तिच्यापुढे विजेचा पंखा. आईने विचारलं, हे सगळं पुढे कशाला, गारवा तर मागे हवाय. गारेगारने हात पुसले. "काकू, गारवा कुठून आणता येत नसतो. मागची गरमी उचलायची आणि पुढे नेऊन टाकायची, एवढंच आपण करतो. आता ती पडते नेमकी इंजिनाच्या तोंडावर. म्हणून मिस्त्रींचं तोंड वाकडं."

मिस्त्रींचं तोंड का वाकडं ते पहिल्या चक्करीतच कळलं. गाडी निळीशार, नव्या रेक्झिनचा वास, इंजिन गुरगुरत सुरू झालं आणि एसी लावताच मागच्या काचेखालून अशी थंड हवा आली की आई शहारली. मागे आई आणि गारेगार नुसते खूश. पुढे मी आणि मिस्त्री घामाघूम. रस्ता मोकळा होता तोवर सगळं छान. सिग्नलला थांबलो की गरमीचा काटा वर चढायला लागायचा. मोठा पंखा लावला, वारा जाळीतूनच जावा म्हणून भोवती पत्रा लावला, काटा हळू चढायला लागला, पण चढायचाच.

"थांबायचं नाही," मिस्त्री म्हणाले. "थांबावंच लागलं आणि काटा वर गेला तर एसी बंद करा. इंजिन बसलं तर मी पुन्हा उठवणार नाही."

"आणि एसी बंद करायचा नसेल तर?" आईने मागून विचारलं.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मग डॅशबोर्डखालचा एक दांडा दाखवला. गाडी थंड मुलखात बनलेली, तिला हीटर होता. आमच्याकडे तो कुणी आजवर लावला नव्हता. "हा उघडला तर इंजिनाची गरमी आत ओढली जाते. थोडा वेळ निभावतं. पण ती सगळी तुमच्या पायांवर येणार, ताई. वेड्यासारखं काही करू नका."

उन्हाळा आला. सोन्याच्या विमानाच्या आदल्या दिवशी आईने घर डोक्यावर घेतलं. गादीला नवी चादर, खोलीचा एसी सकाळीच लावून बघितला, न्हाणीघरात नवा टॉवेल. त्याला आवडतं ते सगळं रांधायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी निघताना तिने एक शाल घेतली.

"या उन्हात शाल?"

"एसीत गार लागलं तर त्याला?"

विमानतळाबाहेर ऊन असं होतं की डांबर मऊ झालं होतं. सोन्या दारातून बाहेर आला, थांबला आणि उन्हाने डोळे मिटले. मला त्याला ओळखायला क्षणभर वेळ लागला. पोट सुटलेलं, डोळ्यांखाली काळं. मग त्याने गाडी पाहिली. हातातली बॅग त्याने तशीच जमिनीवर ठेवली.

"ताई, ही ती?"

"तुझी भट्टी," मी म्हटलं. "बस. गार केलीय."

तो हसला नाही. त्याने बॉनेटवरून हात फिरवला, तापलेला पत्रा लागला तरी काढला नाही. कुणी हे मनावर घेईल असं त्याला वाटलंच नव्हतं, ते त्याच्या तोंडावर लिहिलं होतं. आई मागे सरकून बसली होती आणि शेजारच्या सीटवर हाताने थोपटत होती. तो आत बसला, दार लागलं आणि बाहेरचा सगळा गोंगाट मिटला.

"अरे वा," तो म्हणाला. "आई, हे तर आमच्याकडच्यासारखं गार."

"हो ना?" आई म्हणाली. इतक्या महिन्यांचं सगळं कष्टाचं काम त्या दोन शब्दांत बसलं.

थोडं बोलणं झालं. प्रवास कसा झाला, तिकडे सगळे बरे ना, तब्येत सांभाळतोस का. मी आरशातून बघत होते आणि मनात ठरवत होते, घरी पोचल्यावर आई जेवण गरम करेल तेवढ्यात याला शेडमध्ये नेते आणि विचारते, का येत नाहीस. रागावून नाही, नीट विचारते. मोठा पूल यायच्या आत त्याच्या उत्तरांना वेळ लागायला लागला. मग त्याची मान वाकडी झाली. आईने ती हळूच आपल्या खांद्यावर घेतली. थोड्या वेळाने तो पाय पोटाशी घेऊन चक्क आडवा झाला, डोकं तिच्या मांडीवर, आणि घोरायला लागला. आईने शाल पसरली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी गाडीचा वेग कमी केला.

"थांबवू नकोस," आई कुजबुजली.

"घर आलं."

"गाडी थांबली की जागा होईल तो. एक फेरी मारून ये."

मी आरशात पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. फाटक समोरून गेलं, जाळ्या लावलेल्या खिडक्या गेल्या, रंग दिलेला कठडा गेला. स्वयंपाकघरात झाकून ठेवलेलं सगळं गेलं. मी फेरी मारून परत आले. ती म्हणाली, "अजून एक."

"आई, त्याला घर दाखवायचं होतं ना तुला? इतके महिने मर मर मेलीस त्याच्यासाठी!"

"हळू बोल. घरी आला की उठेल, दोन घास खाईल आणि घड्याळ बघेल. असू दे असाच."

मग मी वाद घातला नाही. लहानपणी सोन्या रात्र रात्र रडायचा, तेव्हा बाबा त्याला याच सीटवर आईच्या मांडीत घालून गाव पालथं घालायचे आणि मी पुढे बाबांशेजारी पेंगत बसायची. त्याला झोप लागली तरी गाडी लगेच घरी यायची नाही. आता बाबांच्या जागी मी होते आणि माझ्या शेजारची जागा रिकामी. मी गाव पालथं घातलं. नदीकाठचा रस्ता, शाळेचा रस्ता, गोदामांमागचा मोकळा रस्ता. जिथे थांबावं लागणार नाही ते सगळे रस्ते मला पाठ होते.

पण विमानतळाकडे परतताना रेल्वे फाटक लागलं आणि ते बंद. पुढे ट्रक, मागे बस. मालगाडी यायची होती, ती येता येईना. काटा चढायला लागला. मी बघितलं, नाही बघितलं, पुन्हा बघितलं. लाल रेघेजवळ गेला तेव्हा माझा हात एसीच्या बटणावर होता.

"काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही."

आरशात ती दोघं दिसत होती. तिचा हात त्याच्या केसांत होता, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मी माझ्याकडे बघताना कधी पाहिलं नाही. मला हेवा वाटला. इतका वाटला की डोळ्यांत पाणी आलं. मनात आलं, दाबावं बटण, उठू दे त्याला घामाने, कळू दे दोघांना. मग मी वाकले आणि हीटरचा दांडा उघडला.

पायांवर जाळ आला. चपलेतून पावलं भाजायला लागली, घाम पाठीवरून सीटवर उतरला, स्टिअरिंगवरून हात निसटायला लागले. काटा थरथरला आणि थांबला. मागे सोन्याने गार लागलं म्हणून शाल खांद्यावर ओढून घेतली. मालगाडीचे डबे संपता संपेनात. मी दात आवळून एकेक डबा जाऊ दिला.

विमानतळाशी मीच त्याला उठवलं. तो दचकून बसला आणि बाहेर पाहिलं.

"हे काय? घर कुठे गेलं?"

"गेलं मागे," मी म्हटलं. "तुझी आई म्हणाली, झोपू दे."

तो बराच वेळ आईकडे बघत राहिला. मला वाटलं तो आता काहीतरी सांगेल, पाठीबद्दल नाही, उकाड्याबद्दल नाही, खरं काहीतरी. त्याचे ओठ हललेसुद्धा. "अशी झोप तिकडे कधी लागत नाही गं, आई," एवढंच तो म्हणाला. मग घड्याळ पाहिलं. "पुढच्या वेळी थंडीत येतो. तेव्हा हा त्रास नको."

"हो, ये," आई म्हणाली.

मी बॅग घेऊन त्याला दारापर्यंत सोडलं. तिथे त्याने मला मिठी मारली आणि लगेच मागे झाला. "ताई, तू केवढी भिजलीयस! एसी नव्हता का पुढे?"

"मला सवय आहे," मी म्हटलं. हे बोलायचं नव्हतं. विचारायचं ते विचारलंच नाही. तो काचेच्या दारातून आत गेला आणि गर्दीत त्याचं डोकं दिसेनासं होईपर्यंत मी उभी राहिले. मग आणखी थोडा वेळ उभी राहिले.

परत आले तर आई तशीच मागे बसली होती. इंजिन सुरू, एसी सुरू. मी पुढे बसले आणि पावलं चपलांतून बाहेर काढली. लाल झाली होती.

"एसी बंद कर," आई म्हणाली.

"असू दे गं. आता तरी गार बस जरा."

"बंद कर. त्याची जागा गार पडेल."

मी वळून पाहिलं. तो आडवा झाला होता तिथे, निळ्या रेक्झिनवर, तिने तळहात पालथा दाबून धरला होता. मी एसी बंद केला. इंजिनही बंद केलं. पंख्याची घरघर थांबली. काचा बंद होत्या, दारांचे रबर घट्ट होते. आम्ही एक फट शिल्लक ठेवली नव्हती. बाहेरचं ऊन छतातून, काचांतून सावकाश आत उतरायला लागलं.

तिच्या कपाळावर घाम आला, तो तिने पुसला नाही. हात काढावा लागला असता.

"बघ," बऱ्याच वेळाने ती म्हणाली. "अजून गरम आहे."

त्या बंद गाडीतली प्रत्येक जागा आता तेवढीच गरम झाली होती. मी पुढून हात मागे नेला आणि तिच्या हाताशेजारी सीटवर ठेवला.

"हो," मी म्हटलं. "अजून गरम आहे."